साबुदाण्याच्या पोत्यापासून सुरुवात: पुरवठ्याचं नियोजन आकड्यांच्या मदतीने कसं करावं

आषाढी एकादशीला चार दिवस असताना साबुदाणा संपतो. त्याच दुकानात नवरात्र उलटून गेल्यावर साबुदाण्याची पोती गोडाऊनमध्ये पडून असतात आणि त्यात अडकलेला पैसा दिवाळीच्या मालाला कमी पडतो. घाऊक किराणा व्यापारात या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडू शकतात. ऑर्डर देणाऱ्याचा अनुभव कमी असतो असं नाही. पण आठशे-हजार वस्तूंचा उठाव, प्रत्येकीचा पुरवठादार आणि प्रत्येकीचा सण एका माणसाच्या डोक्यात बसवणं अवघड आहे. ते काम कॉम्प्युटरला देता येतं, आणि त्यासाठी लागणारी साधनं बहुतेक दुकानांत आधीच असतात: बिलं करायचं सॉफ्टवेअर आणि एक्सेल.

हा लेख अशा माणसासाठी आहे ज्याने खरेदीचं काम नुकतंच हातात घेतलं आहे. तो घाऊक व्यापाऱ्याचा मुलगा असेल, एखाद्या वितरकाकडे नवीन लागलेली मुलगी असेल किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक असेल. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: तालुक्याच्या गावातला घाऊक व्यापारी आणि त्याचा साबुदाणा. पोत्यांचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

साबुदाणाच का? त्याची मागणी उपवासांवर चालते, म्हणजे चंद्राच्या तिथीवर, आणि माल मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, म्हणजे लांबून. मागणी तिथीवर हलणारी आणि पुरवठा दूरचा, असा दुहेरी त्रास ज्या वस्तूला आहे तिचं नियोजन जमलं तर साखर-पोह्यांचं सहज जमतं.

पायरी १: सगळ्या वस्तूंना एकदम हात लावू नका

बिलाच्या सॉफ्टवेअरमधून गेल्या वर्षाची वस्तूनिहाय विक्री काढा आणि रुपयांच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या थोड्याच वस्तू बहुतेक उलाढाल करताना दिसतील. त्यातल्या दहा-पंधरा निवडा. त्यांतल्या निम्म्या तरी अशा असाव्यात ज्या कधी संपतात तर कधी पडून राहतात. रोज सारखी खपणारी वस्तू निवडली तर काम सोपं होईल, पण शिकायला काही मिळणार नाही. पहिले तीन महिने एवढ्याच वस्तू.

पायरी २: वस्तूंची यादी साफ करा

हे सर्वांत कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक प्रयत्न इथेच अडतात. टॅली उघडून बघितलंत तर एकच साबुदाणा ‘साबुदाणा’, ‘साबूदाणा लूज’ आणि ‘साबुदाणा १ नं.’ अशा तीन नावांनी सापडेल. कुठे किलोत, कुठे पोत्यात, कुठे पुडीत. एका नावाखाली साठा उणे दिसेल, कारण खरेदीचं बिल चढवायच्या आधीच विक्रीचं बिल फाडलेलं असतं.

एका वस्तूला एक नाव, एक कोड आणि मोजमापाचं एक मूळ एकक ठरवा. बाकीची एककं त्या एककाच्या पटीत लिहा. जुनी नावं पुसू नका. एक वेगळा तक्ता करा: डाव्या कॉलममध्ये जुनं नाव, उजवीकडे नवा कोड. एक्सेलमधली पॉवर क्वेरी ही डेटा गोळा करून साफ करण्याची सोय हा तक्ता वापरून जुनी विक्री नव्या कोडखाली आणते. एकदा बसवली की पुढच्या आठवड्यात फक्त ‘रिफ्रेश’ दाबायचं. रोज तीच कॉपी-पेस्ट करण्यात वेळ घालवणाऱ्या प्रत्येकाने एक्सेलमधली ही एक गोष्ट तरी शिकावीच.

मग गोडाऊनमध्ये जाऊन प्रत्यक्ष मोजा. निवडलेल्या वस्तूंची मोजणी दर आठवड्याला, बाकीच्यांची आळीपाळीने. पडद्यावर ६० पोती आणि थप्पीत ५२ असतील, तर पुढचं सगळं गणित ८ पोत्यांनी चुकीचं आहे, मग सूत्र कितीही चांगलं असो. मोजताना हमालांना बरोबर घ्या. कुठलं पोतं फाटलं, कुठल्या थप्पीला ओल लागली, हे त्यांना आधी माहीत असतं.

पायरी ३: विक्री लिहू नका, मागणी लिहा

समजा आषाढीच्या आठवड्यात तुमच्याकडे ५५ पोती होती. दुकानदारांनी ९० मागितली, तुम्ही ५५ दिली, नंतर माल संपला. बिलात ५५ उमटलं. पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर म्हणेल की आषाढीला ५५ लागतात. तुम्ही ५५ मागवाल, ते संपतील, आणि आकडा पुन्हा ‘बरोबर’ ठरेल. साधन हुशार असेल तितक्या आत्मविश्वासाने ते हीच चूक दरवर्षी करेल.

म्हणून ऑर्डर घेतानाच दोन आकडे लिहायचे: मागितलेलं आणि दिलेलं. सेल्समन व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर पाठवत असेल तर मागितलेला आकडा तिथे असतोच, तो फक्त उतरवून घ्यायचा आहे. गूगल शीट्समध्ये पाच कॉलम पुरतात: तारीख, दुकान, वस्तू, मागितलं, दिलं. सेल्समनला सांगून ठेवा की माल नाही म्हणून दुकानदाराला तोंडी नकार दिला तरी ती मागणी लिहायचीच.

इथे एक सावधगिरी हवी. माल तुटणार अशी कुणकुण लागली की दुकानदार गरजेच्या दुप्पट मागतो, शिवाय तीच ऑर्डर दुसऱ्या घाऊक व्यापाऱ्यालाही देतो. तुम्ही ती मागणी खरी धरून सेलमला आणखी वाढवून ऑर्डर दिलीत, तर दुकानातली छोटी लाट वर जाताना मोठी होत जाते. पुरवठा साखळीच्या अभ्यासात याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. अमेरिकी अभ्यासक जे फॉरेस्टर (Jay Forrester) यांनी १९६१ मध्ये अशा लाटांचं गणित मांडलं, आणि पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला बाळांच्या डायपरच्या ऑर्डरींत हेच दिसलं: बाळांचा वापर रोज सारखाच, पण वरच्या टप्प्यांवरच्या ऑर्डरी मात्र उड्या मारत होत्या. उपाय साधा आहे. ज्या आठवड्यात तुटवडा होता, त्या आठवड्यातल्या मागणीपुढे खूण करा आणि पाच-सहा विश्वासू दुकानदारांना विचारा की गिऱ्हाइकाला खरंच किती विकलं असतं. त्या उत्तरावरून आकडा दुरुस्त करा.

पायरी ४: प्रत्येक खरेदीच्या तीन तारखा

ऑर्डर दिली ती तारीख, बिल्टीवरची (वाहतूकदाराच्या पावतीवरची) तारीख, आणि माल गोडाऊनला उतरला ती तारीख. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेतलं अंतर म्हणजे तुमचा लीड टाइम. मधली तारीख उशीर कुठे होतो ते सांगते: गाडी भरायलाच वेळ लागतो, की वाटेत? बहुतेक व्यापारी लीड टाइम विचारला की एकच आकडा सांगतात, ‘दोन आठवडे’. प्रत्यक्षात कधी १० दिवस लागतात, कधी १८. हा चढउतार किती महाग पडतो ते सातव्या पायरीत दिसेल. बिल्ट्यांची जुनी फाइल असेलच. एका दुपारी बसून मागच्या वर्षाच्या तारखा त्यातून उतरवून घेता येतात.

पायरी ५: सॉफ्टवेअरला पंचांग शिकवा

हा भाग सावकाश वाचा. तयार सॉफ्टवेअर आपल्या बाजारात जिथे फसतं ती जागा ही आहे.

बहुतेक साधनं गेल्या वर्षीचा जून या वर्षीच्या जूनशी ताडून बघतात. एक्सेल २०१६ पासून असलेलं ‘फोरकास्ट.ईटीएस’ हे फंक्शनसुद्धा ठरावीक लांबीचं ऋतुचक्र धरतं, महिन्यांचा डेटा दिला तर १२ महिन्यांचं. आता आषाढी एकादशीच्या तारखा बघा: २०२३ मध्ये २९ जून, २०२४ मध्ये १७ जुलै, २०२५ मध्ये ६ जुलै, २०२६ मध्ये २५ जुलै. २०२३ ची सगळी खरेदी जूनमध्ये झाली, २०२४ ची जुलैमध्ये. महिन्यांचा तक्ता सांगेल की जूनचा उठाव कोसळला आणि जुलैचा उसळला. गिऱ्हाईक तेच, खिचडीही तेवढीच, फक्त एकादशी सरकली.

दिवाळीचंही तेच. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला. रवा, मैदा, बेसन, डालडा यांची दुकानदारांची खरेदी २०२५ मध्ये सप्टेंबरअखेरीसच सुरू होणं भाग होतं. २०२६ मध्ये तेच दिवस पितृपक्षात येतात, जेव्हा बाजार थंड असतो.

अधिक महिना आला की गुंता वाढतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्यामुळे आषाढी एकादशी आणि निज श्रावणाची सुरुवात, म्हणजे १७ ऑगस्ट, यांच्यात ४९ दिवस पडले. एरवी हे अंतर १९-२० दिवसांचं असतं: २०२४ मध्ये १७ जुलै ते ५ ऑगस्ट, २०२५ मध्ये ६ जुलै ते २५ जुलै. खरेदी करणाऱ्याला याचा सरळ अर्थ असा की एरवी आषाढीला उरलेला साबुदाणा तीन आठवड्यांत श्रावणाच्या उपवासांत निघून जातो, पण २०२३ मध्ये तोच माल ऐन पावसाळ्याच्या दमट हवेत आणखी महिनाभर पडून राहणार होता. २०२६ मध्ये अधिक महिना ज्येष्ठाचा, १७ मे ते १५ जून. आषाढी त्याच्या नंतर येत असल्याने ती आणि श्रावण दोन्ही एकत्रच पुढे सरकतात आणि अंतर १९ दिवसांचंच राहतं. अधिक महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे आचाऱ्यांचा मोठा माल मंदावतो. उलट जावयाच्या वाणासाठी अनारशांचं पीठ, गूळ आणि बत्तासे यांची विचारणा वाढते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या डेमोमध्ये दिसणार नाही. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्हीच ते तक्त्यात घालायचं.

कसं घालायचं? एक्सेलमध्ये ‘सण’ नावाचं पान करा. दर वर्षाच्या महाशिवरात्र, गुढीपाडवा, आषाढी, श्रावणाची सुरुवात, गणेश चतुर्थी, पितृपक्ष, घटस्थापना आणि लक्ष्मीपूजन यांच्या तारखा कॅलेंडरवरून भरा. मग विक्रीच्या प्रत्येक आठवड्यापुढे एक कॉलम: ‘आषाढीला किती आठवडे’. दोन आठवडे आधी असेल तर उणे २, एक आठवडा आधी उणे १, त्याच आठवड्यात शून्य. आता २०२३ चा ‘उणे २’ हा २०२४ च्या ‘उणे २’ शी ताडता येतो, मग तो जून असो की जुलै.

दर वर्षी त्या आठवड्याची मागणी भागिले त्या वर्षीच्या साध्या आठवड्याची सरासरी, असा गुणक काढा. समजा ‘उणे २’ साठी तीन वर्षांचे गुणक १.९, २.४ आणि २.१ आले. मधला घ्या, २.१. सरासरीपेक्षा मधला बरा, कारण एखाद्या विचित्र वर्षाने तो फारसा हलत नाही.

तुमची दुकानं पालखीच्या वाटेवर असतील तर आणखी एक कॉलम लागेल. लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस इथे शेंगदाणे, गूळ, साखर आणि चहापूड यांचा उठाव पालखीच्या मुक्कामाशी जुळतो, एकादशीच्या दिवसाशी नाही, आणि मुक्काम प्रत्येक गावाला वेगळ्या दिवशी. तिथे गावनिहाय तारीखच लिहावी.

पायरी ६: अंदाज साधाच ठेवा

सणाचा परिणाम गुणकाने बाजूला काढला की उरतो साध्या आठवड्याचा उठाव. त्याच्यासाठी एक जुनी आणि टिकाऊ पद्धत आहे: नवा अंदाज = ०.२ × या आठवड्याची प्रत्यक्ष मागणी + ०.८ × जुना अंदाज. जुना अंदाज ४० पोती होता आणि मागणी ५० झाली, तर नवा अंदाज ४२. एका आठवड्याच्या उसळीने गडबडून न जाता तो हळूहळू खऱ्या आकड्याकडे सरकतो. सणाचा आठवडा आला तर मागणीला आधी गुणकाने भागा, मग सूत्रात घाला. पुढचा अंदाज काढताना साध्या अंदाजाला त्या आठवड्याच्या गुणकाने गुणा: ४० × २.१ = ८४.

अंदाज किती चुकतो हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार आठवड्यांची मागणी ३८, ४४, ४१, ५२ आणि अंदाज ४०, ४०, ४१, ४१ असेल, तर चुका २, ४, ०, ११. बेरीज १७, मागणीची बेरीज १७५, म्हणजे चूक सुमारे १० टक्के. याबरोबर चिन्हासकट बेरीजही बघा, मागणीतून अंदाज वजा करून: उणे २, अधिक ४, शून्य, अधिक ११, मिळून अधिक १३. चिन्ह बरेच आठवडे एकाच बाजूला राहिलं तर अंदाज सातत्याने कमी किंवा सातत्याने जास्त येतो आहे. माझ्या मते टक्केवारीपेक्षा हे चिन्ह जास्त महत्त्वाचं. कधी वर, कधी खाली अशी चूक साठा पचवतो. एकाच दिशेची चूक आठवड्यामागून आठवडा साचत जाते.

दुसरी कसोटी: ‘गेल्या वर्षी याच तिथीच्या आठवड्यात जेवढं गेलं तेवढंच’ हा फुकटचा अंदाज शेजारच्या कॉलममध्ये ठेवा. तुमचं सूत्र किंवा विकत घेतलेलं सॉफ्टवेअर त्याला हरवत नसेल तर ते वापरायचं कारण नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर फेसबुकने २०१७ मध्ये मोफत खुलं केलेलं ‘प्रॉफेट’ हे अंदाज काढायचं साधन बघा. त्यात सणांच्या तारखांची स्वतःची यादी देता येते आणि सणाच्या आधीचे-नंतरचे किती दिवस धरायचे तेही सांगता येतं. पण पाचव्या पायरीतलं ‘सण’ पान तिथेही तुम्हालाच भरावं लागतं.

पायरी ७: सेफ्टी स्टॉक, म्हणजे किती पोती ‘असू द्यावीत’

जुने दिवाणजी म्हणतात, ‘पन्नास पोती हाताशी असू द्यावीत.’ हा आकडा बहुधा वाईट नसतो, पण तो कशावरून आला हे सांगता येत नाही. म्हणून परिस्थिती बदलली तरी तो बदलत नाही. सूत्राने काढलेला आकडा बदलतो, शिवाय का बदलला तेही कळतं.

चार गोष्टी लागतात. आठवड्याची सरासरी मागणी: ४० पोती. अंदाजाच्या चुकीचा पसारा, म्हणजे चुकांच्या कॉलमवर एक्सेलचं ‘एसटीडीईव्ही’ लावून आलेला आकडा: १० पोती. सरासरी लीड टाइम: २ आठवडे. लीड टाइमचा पसारा: अर्धा आठवडा. पाचवी गोष्ट लोक विसरतात: तुम्ही ऑर्डर किती दिवसांनी देता? दर सोमवारीच देत असाल, तर आज दिलेल्या ऑर्डरने पुढची ऑर्डर येऊन पोहोचेपर्यंत भागवायचं आहे. म्हणून २ आठवडे नाही, २ + १ = ३ आठवड्यांची सोय हवी.

मागणीचा भाग: ३ × १० चा वर्ग = ३००. गाडीच्या उशिराचा भाग: ४० चा वर्ग × ०.५ चा वर्ग = ४००. बेरीज ७००, वर्गमूळ साधारण २६.५. शंभरातल्या ९५ वेळा माल पुरावा असं हवं असेल तर याला १.६५ ने गुणा: ४४ पोती. हा तुमचा सेफ्टी स्टॉक.

आता त्याच सूत्राला दोन प्रश्न विचारा. अंदाज इतका सुधारला की चुकीचा पसारा १० वरून ५ झाला तर? ३ × २५ = ७५, अधिक ४००, वर्गमूळ २१.८, गुणिले १.६५ = ३६. वाचली ८ पोती. आणि अंदाज आहे तसाच ठेवून गाडी दर वेळी नेमकी दोन आठवड्यांनी आली तर? फक्त ३०० उरतात, वर्गमूळ १७.३, सेफ्टी स्टॉक २९. वाचली १५ पोती. अंदाज दुपटीने सुधारण्यापेक्षा वाहतूकदाराशी बसून वेळ पक्की करून घेणं इथे जास्त फायद्याचं आहे. नवं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी हे गणित प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांवर करून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. बऱ्याच ठिकाणी दुखणं अंदाजात नसतं, गाडीत असतं.

९५ ऐवजी ९९ टक्के हवं असेल तर १.६५ च्या जागी २.३३ येतं आणि सेफ्टी स्टॉक ४४ चा ६२ होतो. ९० टक्के पुरत असेल तर १.२८. सगळ्या वस्तूंना ९९ टक्के लावणं म्हणजे पैसे गोडाऊनमध्ये गाडणं. ज्या वस्तूसाठी दुकानदार तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे जाईल तिलाच ९९ लावा.

एकदाच विकल्या जाणाऱ्या मालाला, म्हणजे उटणं, पणत्या, आकाशकंदील यांना, हे सूत्र लावू नका. तिथे दोनच आकडे बघायचे: एक नग कमी पडला तर किती नफा बुडतो, आणि एक नग उरला तर किती नुकसान होतं. १५ रुपये बुडत असतील आणि उरल्यावर ५ रुपयांचं नुकसान असेल, तर १५ भागिले २०, म्हणजे ७५ टक्के वेळा पुरेल इतका माल घ्या. त्यासाठी अंदाजात चुकीच्या पसाऱ्याच्या ०.६७ पट मिळवा.

पायरी ८: ऑर्डरचा आकडा

पुढच्या तीन आठवड्यांच्या अंदाजांची बेरीज, अधिक सेफ्टी स्टॉक. साध्या दिवसांत १२० + ४४ = १६४. यातून हातातला साठा आणि वाटेवरचा माल वजा करा, दुकानदारांना कबूल केलेला पण अजून न दिलेला माल मिळवा. साठा ६०, वाटेवर ५०, कबूल ८ असेल तर ऑर्डर ६२ पोत्यांची. सणाच्या आधी १२० च्या जागी त्या तीन आठवड्यांचे गुणक लावलेले अंदाज आपोआप येतील, तुम्ही वेगळं काही करायचं नाही.

वाटेवरचा माल विसरणं ही नेहमीची चूक. ऑर्डर दिली, गाडी आली नाही, साठा कमी दिसला, पुन्हा ऑर्डर गेली, आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी दारात. म्हणून उघड्या ऑर्डरींचं पान रोज खरं ठेवा.

भाव वाढणार म्हणून जास्त माल घ्यायचा असेल तर जरूर घ्या, तो व्यापारच आहे. पण तो आकडा ‘तेजीसाठी’ अशा वेगळ्या कॉलममध्ये लिहा. तो सेफ्टी स्टॉकमध्ये मिसळला की नियोजन चुकलं की भावाचा अंदाज चुकला हे कधीच कळत नाही.

पायरी ९: सोमवारचा एक तास

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी: पॉवर क्वेरी रिफ्रेश, मोजणीचा फरक, उघड्या ऑर्डरी, सुचवलेली ऑर्डर. सुचवलेला आकडा बदलावासा वाटला तर बदला, पण शेजारी कारण लिहा: ‘शेजारच्या गावात सप्ताह आहे’, ‘सेलमला पाऊस’. तीन महिन्यांनी त्या कॉलमकडे बघा. कुठल्या कारणाने केलेले बदल बरोबर निघाले ते कळतं, आणि दिवाणजींचं डोकं हळूहळू तक्त्यात उतरतं. जुन्या माणसाला बाजूला सारून हे काम होत नाही. त्यांना शेजारी बसवूनच करा.

मोजायचे आकडे तीन पुरेत: मागितल्यापैकी किती टक्के दिलं, हातातला साठा किती दिवस पुरेल, आणि तीन महिने न हललेला माल किती रुपयांचा आहे. पहिला वाढला आणि इतर दोन नाही वाढले तर काम होतं आहे.

पायरी १०: मोठं सॉफ्टवेअर केव्हा

आधी जे आहे ते पुरतं वापरा. टॅलीमध्ये प्रत्येक वस्तूला रीऑर्डर लेव्हल (साठा किती खाली आला की पुन्हा मागवायचं तो आकडा) लावता येते, आणि ती ठरावीक काळातल्या खपावरून काढायलाही सांगता येते. दुसरं गोडाऊन आलं, एकाच वेळी तीन-चार माणसं ऑर्डरी घेऊ लागली, किंवा एक्सेलची फाइल कोणाकडची खरी हा वाद होऊ लागला, की वर सरकायची वेळ झाली. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे साठा, खरेदी आणि हिशेब एकत्र सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर आहे. त्यात गोडाऊननिहाय रीऑर्डर लेव्हल ठेवली की साठा खाली जाताच खरेदीची मागणी आपोआप तयार होते. परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर आणि बसवून देणारा माणूस यांचा खर्च धरा. ओडू हा असाच दुसरा पर्याय.

एआयच्या चॅट साधनांकडून सूत्र लिहून घेणं, तक्त्यातली चूक शोधून घेणं सोयीचं आहे. मिळालेलं सूत्र या लेखातल्यासारख्या छोट्या आकड्यांवर हाताने तपासा, आणि दुकानदारांची नावं, फोन नंबर, उधारी त्यात टाकू नका.

नियोजनाचं सॉफ्टवेअर विकायला कोणी आलं तर त्यांचा तयार डेमो बघू नका. २०२३ आणि २०२४ ची साबुदाण्याची तुमची विक्री त्यांना द्या, २०२५ ची देऊ नका, आणि २०२५ च्या जून-जुलैचा आठवडेवार अंदाज मागा. आषाढी ६ जुलैला आहे हे त्यांनी स्वतःहून विचारलं का, तुटवड्याच्या आठवड्यांबद्दल काही विचारलं का, हे टिपून ठेवा. मग त्यांचा अंदाज, तुमच्या तक्त्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष मागणी शेजारी शेजारी मांडा, सहाव्या पायरीतल्या पद्धतीने चूक काढा, आणि किमतीची बोलणी त्यानंतर सुरू करा.